गॅरेजच्या दाराची देखभाल: वजन कोण पेलतं, ते आधी समजून घ्या

घरात हलणाऱ्या जितक्या वस्तू असतात, त्यांत गॅरेजचं दार बहुतेक वेळा सर्वांत मोठं आणि सर्वांत जड असतं. दोन गाड्या शेजारी मावतील एवढं पोलादी दार सहज शंभर किलोंच्या घरात जातं. लाकडी असेल तर त्याच्याही पुढे. तरीही नीट बसवलेलं दार एका हाताने वर जातं. छताला लावलेल्या मोटरमुळे हे होतं, असं नवख्या माणसाला वाटतं. तसं नाही. दाराचं वजन स्प्रिंग पेलते. मोटर, म्हणजे ओपनर, फक्त तोल साधलेल्या दाराला वर-खाली सरकवतो. हे एकदा लक्षात आलं की कशाला हात लावायचा, कशाला नाही, आणि बिघाड झाला तर तो आधी कुठे शोधायचा, हे बरंचसं आपोआप कळतं.

कोणता भाग काय करतो

इथे आपण आडव्या पॅनेलच्या दाराबद्दल बोलतो आहोत: चार-पाच पॅनेल बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेली, कडांना रोलर, आणि ते रोलर उभ्या ट्रॅकमधून वळण घेऊन छताजवळच्या आडव्या ट्रॅकमध्ये जातात.

स्प्रिंग दोन प्रकारची असते. टॉर्शन स्प्रिंग दाराच्या वर, भिंतीला समांतर अशा आडव्या दांड्यावर असते आणि पिळली जाते. एक्स्टेन्शन स्प्रिंग दोन्ही बाजूंना आडव्या ट्रॅकच्या लगत असते आणि लांबीने ताणली जाते. दोन्हींत एक गोष्ट सारखी: दार बंद असतं तेव्हा स्प्रिंगमध्ये सर्वांत जास्त ताण असतो, पूर्ण उघडं असतं तेव्हा सर्वांत कमी. बंद दार शांत दिसतं म्हणून ते निर्धोक वाटतं, पण प्रत्यक्षात सगळी ताकद त्याच वेळी साठलेली असते.

ही ताकद दारापर्यंत पोचवतात त्या दोन पोलादी केबल. त्या दाराच्या अगदी खालच्या दोन कोपऱ्यांतल्या ब्रॅकेटमध्ये अडकवलेल्या असतात. म्हणजे तुमच्या घोट्याच्या उंचीवर असलेलं ते साधंसं ब्रॅकेट जवळजवळ अर्ध्या दाराचा भार धरून असतं. केबल जरा सैल वाटते म्हणून कुणी त्याचे स्क्रू काढायला गेलं, तर ब्रॅकेट झटक्यात सुटून हातावर किंवा तोंडावर येतं. बरेच उत्पादक या स्क्रूंना लाल रंग देतात तो यासाठीच.

म्हणून चार गोष्टी फक्त बघायच्या, त्यांना पाना लावायचा नाही: स्प्रिंग आणि तिच्या टोकांचे स्क्रू, केबल, केबल गुंडाळणारे ड्रम, आणि खालच्या कोपऱ्यांतली ब्रॅकेट. टॉर्शन स्प्रिंगला पीळ देण्यासाठी ठरावीक जाडीच्या पोलादी कांबी लागतात. त्याऐवजी हाताशी आलेला स्क्रूड्रायव्हर घातला आणि तो निसटला, तर स्प्रिंग सुटताना तो गरगर फिरवते आणि हाडं मोडतात. इंटरनेटवर हे काम सोपं करून दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते बघून हे काम करू नका.

एक्स्टेन्शन स्प्रिंग असेल तर आजच एक गोष्ट तपासा. स्प्रिंगच्या पोकळीतून एक पातळ पोलादी दोर जायला हवा आणि त्याची दोन्ही टोकं चौकटीला वा ट्रॅकच्या आधाराला पक्की बांधलेली हवीत. स्प्रिंग तुटली तर तिचे तुकडे उडण्याऐवजी या दोरावर अडकून राहतात. दोर नसेल, तर तो बसवून घेणं हे पहिलं काम.

महिन्यातून एकदा: चार तपासण्या, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. तोल बिघडलेला असेल तर पुढच्या चाचण्यांचे निकाल फसवे येतात, म्हणून तोल आधी.

1. बघा आणि ऐका. दार बंद करून आतून उभे राहा. टॉर्शन स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये कुठे चार-पाच सेंटिमीटरची फट दिसते का? दिसली तर स्प्रिंग तुटलेली आहे; तिथेच थांबा. केबलच्या खालच्या टोकाशी तारा सुटून उभ्या राहिल्यात का, ते बघा. जमिनीचा ओलावा आणि धुळीमुळे केबल तिथेच आधी खराब होते. सर्वांत वरच्या पॅनेलच्या मधोमध, ओपनरचा हात जिथे जोडला आहे, तिथे तडा किंवा वाकलेला पत्रा शोधा. मग दार एकदा वर-खाली चालवा. कुईकुई आवाज म्हणजे कोरड्या बिजागऱ्या किंवा रोलर. खरवडल्यासारखा आवाज आला तर रोलर ट्रॅकला घासतोय. दार एका बाजूने मागे पडत तिरकं होत असेल तर एखादी केबल सैल झाली आहे किंवा ड्रमवरून उतरली आहे. मग दार चालवायचं थांबवा.

2. तोल. दार पूर्ण बंद करा आणि ओपनरपासून लोंबणारी लाल दोरी ओढा. आता दार मोटरपासून सुटलं. ही दोरी दार बंद असतानाच ओढायची, कारण स्प्रिंग कमजोर किंवा तुटलेली असेल आणि दार वर असेल, तर सगळं वजन एकदम खाली येतं. हँडल धरून दार हळूहळू कमरेइतकं वर घ्या. पाय दाराच्या रेषेत नकोत, बोटं पॅनेलच्या सांध्यात नकोत. उचलतानाच दार फार जड लागलं तर जोर करू नका, खाली ठेवा. कमरेपाशी हाताचा जोर हळूहळू कमी करत सोडा. दार तिथेच थांबलं, किंवा जेमतेम थोडंसं हललं, तर तोल बरोबर आहे. खाली घसरत असेल तर स्प्रिंगचा ताण कमी झालाय. आपोआप वर जात असेल तर ताण जास्त आहे. दोन्ही वेळा जाणकार माणूस बोलवायचा. चाचणी झाली की दार खाली आणून ओपनर पुन्हा जोडा. बऱ्याच ओपनरमध्ये दोरी दुसऱ्या दिशेने ओढून बटण दाबलं की जोड आपोआप बसतो. तुमच्या ओपनरची रीत त्याच्या पुस्तिकेत असते.

3. उलट फिरण्याची चाचणी. साधारण 4 सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी दाराच्या मधोमध, जमिनीवर आडवी ठेवा. बटण दाबून दार खाली आणा. फळीला टेकताच दार दोन सेकंदांच्या आत उलट फिरून वर जायला हवं. टेकून नुसतं थांबलं, किंवा फळीवर दाब देत राहिलं, तर चाचणी नापास. दार खाली कुठवर यावं याची मर्यादा चुकीची लागली असेल तर असं होतं: जमिनीच्या अगदी जवळ, शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये, अडथळा आला तर ओपनर त्याला जमीनच समजतो. पुस्तिकेनुसार ती मर्यादा लावून पुन्हा चाचणी घ्या. तरीही नापास झालं तर ओपनर सोडवून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत दार हाताने वापरा. फळीऐवजी हात किंवा पाय घालून ही चाचणी कधीही करू नका.

4. सेन्सर. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून 15 सेंटिमीटरच्या आत, समोरासमोर दोन छोटे डोळे असतात. त्यांच्यामधून अदृश्य किरण जातो. ते एवढे खाली असतात कारण रांगणारं मूल किंवा मांजर त्याच उंचीवर असतं. दार खाली येत असताना बाजूला उभं राहून झाडूचा दांडा किरणात घाला. दार लगेच वर फिरायला हवं. मग दांडा किरणातच ठेवून दार बंद करायचा प्रयत्न करा. रिमोटने ते बंद व्हायला नको.

सेन्सर अडून बसतात तेव्हा

"दार उघडतं, पण बंद होत नाही आणि ओपनरचा दिवा लुकलुकतो." ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं: सेन्सरच्या काचेवर धूळ, कोळ्याचं जाळं, किंवा सायकलचा धक्का लागून सेन्सर थोडासा वळलेला. आधी मऊ कोरड्या फडक्याने दोन्ही काचा पुसा. मग किरण घेणाऱ्या सेन्सरवरचा छोटा दिवा बघा. तो विझलेला किंवा थरथरत असेल तर सेन्सरचा नट हाताने थोडा सैल करा, दिवा स्थिर लागेपर्यंत सेन्सर हळूहळू फिरवा आणि नट परत आवळा. आवळताना तो पुन्हा वळतो, त्यामुळे दिव्यावर नजर ठेवूनच आवळायचं.

दिवसाच्या ठरावीक वेळीच दार हट्ट करत असेल तर सूर्याचा संशय घ्या. तिरकं ऊन थेट घेणाऱ्या सेन्सरमध्ये शिरलं की त्याला समोरचा किरण दिसत नाही. सेन्सरसमोर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची छोटी नळी सावलीसाठी लावा, किंवा दोन्ही सेन्सरच्या जागा आपसांत बदलून घेणारा सेन्सर सावलीच्या बाजूला आणा. दिवा तरीही लागत नसेल तर तार तपासा. भिंतीला ठोकलेल्या पिनेखाली ती चिरडलेली असते, किंवा उंदराने कुरतडलेली.

भिंतीवरचं बटण सतत दाबून धरलं तर बऱ्याच ओपनरमध्ये सेन्सर बंद पडलेले असतानाही दार खाली येतं. ती सोय मुद्दाम दिलेली आहे, पण समोर उभं राहून, दारावर नजर ठेवूनच वापरायची. काही जण मात्र कंटाळून दोन्ही सेन्सर काढतात, एकमेकांसमोर चिकटवतात आणि वर छतापाशी बांधून टाकतात. दार मग कधीच अडत नाही, आणि खाली कोण आहे हे त्याला कधीच कळत नाही. जुन्या घरात राहायला गेलात तर हे आधी बघून घ्या. सेन्सर मुळातच नसलेला जुना ओपनर असेल तर तो बदला. अमेरिकेत 1993 पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना असं जास्तीचं संरक्षण सक्तीचं झालं. त्याआधीच्या यंत्रात ते बहुधा नसतंच.

ओपनरचा जोर वाढवू नका

दार जड झालं की ओपनर मध्येच थांबतो. त्याच्या पाठीवर जोर कमी-जास्त करायची एक फिरकी असते किंवा बटणं असतात, आणि जोर थोडा वाढवला की दार पुन्हा चालू लागतं. प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण ओपनरला अडथळा कळतो तो याच जोरावरून: ठरलेल्यापेक्षा जास्त रेटा लागला की तो समजतो, काहीतरी मध्ये आलं आहे. जोर वाढवला की तीच जाणीव बोथट होते. म्हणजे स्प्रिंगचा तोल बिघडलेला, आणि दाराखाली काही आलंय हे ओळखायची शक्तीही कमी झालेली. दोन्ही दोष एकदम, आणि वरून दार मजेत चालताना दिसतं.

शिवाय जो भार स्प्रिंगने घ्यायचा तो मोटरवर पडतो. मोटरमधली प्लास्टिकची दातेरी चाकं झिजतात, वरचं पॅनेल वाकतं. जोराला हात लावायची वेळ आलीच तर आधी तोलाची चाचणी घ्या, आणि जोर बदलल्यावर फळीची चाचणी पुन्हा घ्या.

तेल-पाणी

सहा महिन्यांतून एकदा पुरतं. समुद्राजवळ किंवा फार धुळीच्या जागी तीन महिन्यांनी. सिलिकॉन स्प्रे किंवा पांढरं लिथियम ग्रीस, यांपैकी एक घ्या. गंज सोडवायला वापरतात तो पातळ स्प्रे इथे कामाचा नाही. तो आधीचं ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः थोड्या दिवसांत उडून जातो. इंजिन ऑइल किंवा जाड ग्रीसही नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

ओपनरचा प्लग काढा. मग बिजागऱ्यांच्या खिळ्यांवर, रोलरच्या मधल्या बेअरिंगवर आणि स्प्रिंगचा दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथे थोडं थोडं मारा. नायलॉनच्या रोलरचं चाक कोरडंच ठेवायचं. टॉर्शन स्प्रिंगच्या वेढ्यांवर हलका फवारा मारला की गंज लांबतो आणि दार उघडताना येणारा कटकट आवाज कमी होतो. ओपनर साखळीचा असेल तर साखळीवर हलका हात फिरवा. पट्ट्याचा असेल तर काही लावू नका. शेवटी दार दोन-तीनदा चालवून ओघळ पुसून घ्या.

ट्रॅकमध्ये काहीही घालायचं नाही. रोलर तिथे घसरत नाहीत, फिरत जातात. ग्रीस घातलं की धुळीचा लगदा साचून ते फिरायचे थांबतात आणि फरफटत जातात. ट्रॅक फक्त ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा.

याच वेळी नट-बोल्टही बघा. दार रोज थरथरतं, त्यामुळे बिजागऱ्यांचे आणि ट्रॅक भिंतीला धरणारे बोल्ट सैल पडतात. बेताने आवळा, लाकडात फार आवळलं तर भोक मोठं होऊन पकडच जाते. खालच्या कोपऱ्यांतल्या ब्रॅकेटना आणि लाल रंगाच्या कुठल्याही स्क्रूला वगळा.

रोलर, बिजागऱ्या आणि खालचं रबर

मधले रोलर घरी बदलता येतात. दार बंद, ओपनरचा प्लग काढलेला, आणि एका वेळी एकच बिजागरी सोडवायची: रोलर काढा, नवा घाला, बिजागरी पुन्हा पक्की करा, मगच पुढची. सर्वांत खालचे दोन रोलर केबलच्या ब्रॅकेटमध्ये असतात, ते जाणकारांकडेच द्या. बिजागरी तुटली असेल तर नवी आणण्यापूर्वी जुनीवर ठोकलेला आकडा वाचा. कडेच्या बिजागऱ्यांवर 1, 2, 3 असे आकडे असतात आणि वर जाताना ते वाढतात, कारण उभा ट्रॅक वर जाताना भिंतीपासून थोडा लांब होत जातो आणि बिजागरीला तेवढाच रोलर पुढे धरावा लागतो. 2 च्या जागी 1 लावली तर दार घट्ट जातं किंवा फट राहते.

खालच्या रबराची पारख सोपी: दिवसा दार बंद करून आतला दिवा मालवा. जिथून उजेड येतो तिथून पाणी आणि उंदीरही येतील. रबर खाचेत सरकवून बसवलेलं असतं. जुन्याचा तुकडा घेऊन त्याच आकाराचं आणा, खाच घासून साफ करा आणि साबणाच्या पाण्याने ओली करून नवं रबर सरकवा. नवं रबर जाड असेल तर दार पूर्वीपेक्षा आधी टेकतं आणि उलट फिरतं. तेव्हा खालची मर्यादा पुन्हा लावावी लागते.

स्प्रिंग तुटते तेव्हा

साधी स्प्रिंग सहसा 10,000 फेऱ्यांसाठी बनवलेली असते. एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. रोज चार फेऱ्या धरल्या तर साधारण सात वर्षं. गंज असेल तर आणखी कमी. तुटताना गॅरेजमध्ये सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज होतो, आणि त्यानंतर दार थोडंसं उचलून थांबतं किंवा हलतच नाही.

अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. दार बंद असेल तर बंदच राहू द्या, गाडी आत अडकली तरी. दार उघडं असताना स्प्रिंग गेली असेल तर लाल दोरीला हात लावू नका, त्या क्षणी दाराला ओपनरचाच काय तो आधार असतो. मुलांना आणि प्राण्यांना लांब ठेवा, गाडी दाराखालून नेऊ नका, आणि दुरुस्ती करणाऱ्याला दार उघडं आहे हे फोनवरच सांगा.

दोन स्प्रिंग असतील आणि एक तुटली तर दोन्ही बदलून घ्या. दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या आहेत. नवी स्प्रिंग तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि पिळाची दिशा बघून निवडतात. जुनी स्प्रिंग कधी चुकीची बसवली गेलेली असते, म्हणून चांगला कारागीर दाराचं वजनही मोजतो. दाराचा वापर जास्त असेल तर जास्त फेऱ्यांची स्प्रिंग मागा. काम संपल्यावर तोलाची आणि फळीची चाचणी तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. ती केल्याशिवाय काम पुरं झालं असं धरू नका.

घरातले नियम

भिंतीवरचं बटण जमिनीपासून किमान दीड मीटर उंच हवं, आणि तिथून दार दिसायला हवं. रिमोट मुलांच्या हातात द्यायचा नाही. खाली येणाऱ्या दाराखालून पळत जायची शर्यत मुलं लावतातच, त्यामुळे हे एकदा सांगून भागत नाही. पॅनेलच्या सांध्यात बोटं चिरडतात हेही त्यांना बंद दारावर हात ठेवून दाखवा.

हाताने ओढायच्या दाराला नंतर ओपनर बसवला असेल तर जुनी ओढायची दोरी काढून टाका, ती कशात तरी किंवा कुणाच्या तरी अंगाला अडकते. जुनी कडीही निकामी करा. कडी लावलेली असताना कुणी बटण दाबलं तर मोटर पॅनेल वाकवते. लाल दोरी मात्र सगळ्या मोठ्या माणसांच्या हाताला पोचेल अशी हवी, आणि वीज गेल्यावर ती कशी वापरायची हे प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघायला हवं.

दार उघडं असलं तरी गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन चालू ठेवून थांबू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो घरात उघडणाऱ्या आतल्या दारातून खोल्यांपर्यंत पोचतो.

तपासणीची, तेल दिल्याची आणि स्प्रिंग बदलल्याची तारीख ओपनरजवळच्या भिंतीवर जाड पेनाने लिहीत जा. सात वर्षांनी कुणी विचारलं तर ती आठवत नाही, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला तीच सर्वांत आधी हवी असते.